आधी सुचू दे, मग तपास

सांगली

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

एकांकिकेचा एक संवाद लिहावा, तो लगेच खोडावा आणि रात्रीपर्यंत कागद कोराच राहावा, असे चालले आहे म्हणून तू कळवलेस. तुझी कल्पकता आटली आहे, हे काही मला पटत नाही. सुचणे आणि सुचलेले तपासणे ही दोन्ही कामे तू एकाच बैठकीत करू पाहतेस, आणि तपासणारी तू सुचणाऱ्या तुला तोंडच उघडू देत नाहीस.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी आपल्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हे तू शाळेत पाठ केले आहेस. पण त्या सुरुवातीच्या नाटकांत बांधेसूद लिहिलेले संवाद जवळजवळ नसतच, सूत्रधार पदे गाऊन प्रसंग उभा करी आणि पात्रे त्या पदांच्या आधाराने आपली भाषणे ऐनवेळी, स्वतःच्या शब्दांत करीत, हे बहुधा कोणी सांगितले नसेल. पुढे राक्षसांच्या आरडाओरड्यावरून त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले गेले. ती थट्टा अगदीच गैर नव्हती, तरी मराठी नाटक उभे राहिले ते याच ऐनवेळच्या बोलण्यावर.

२००८ साली अमेरिकेत चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्राउन यांनी जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून एकदा पाठ केलेले आणि एकदा उत्स्फूर्त वाजवायला लावले, तेव्हा उत्स्फूर्त वादनात मेंदूचा स्वतःवर देखरेख ठेवणारा, कपाळामागचा काही भाग मंदावलेला दिसला. वादक सहाच होते, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. शिवाय ते सगळे कसलेले वादक होते. मिरजेत उरुसाच्या वेळी दर्ग्यातल्या संगीतसभेत दोन-चार ओळींची बंदिश कितीतरी वेळ फुलत जाते, तीही वर्षानुवर्षांच्या मेहनतीच्या जोरावरच. म्हणून उत्स्फूर्तता म्हणजे रियाजाला सुट्टी, असा सोयीचा अर्थ काढू नकोस.

आता भावे यांच्या नटांसारखे करून पाहा. प्रसंग कुठे घडतो आणि कोणाला काय हवे आहे, एवढे दोन ओळींत लिहून ठेव, लॅपटॉप मिटून टाक आणि खोलीत फिरत दोन्ही पात्रांची भाषणे मोठ्याने बोल. मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, मात्र मध्येच थांबून ते ऐकू नकोस; पात्र विषय सोडून भाजीच्या भावावर घसरले तरी घसरू दे. दुसऱ्या दिवशी ते ऐकून कामाचे तेवढे उतरवून घे, आणि मग हवी तितकी खोडाखोड कर.

ते रेकॉर्डिंग मात्र मला पाठवू नकोस. आई ऐकणार आहे हे कळले, की तुझी पात्रे तोंडी परीक्षेला उभी राहिल्यासारखी बोलू लागतील.

तुझी,
आई