आईच्या हाडांबद्दल थोडं

ती. आई-बाबांस,
सा. न.

डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पाहिला. आईच्या खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.१ आलाय. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. म्हणजे आई, तू अजून अलीकडे आहेस. ‘माझी हाडं पोकळ झाली’ असं सोसायटीभर सांगत सुटू नकोस. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाड भरतं त्यापेक्षा झिजतं जास्त.

बाबा, गोळ्यांचा डबा तुम्ही भरता, म्हणून हे तुम्हाला. थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदम देता, ते बंद करा. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही. मध्ये चार तास तरी जाऊ द्या. तिची गोळी कॅल्शियम कार्बोनेटची आहे, ती दुपारच्या जेवणाबरोबरच. डी व्हिटॅमिनची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी लिहिलेत तेवढेच आठवडे. उरलेल्या पुड्या मावशीला वाटायच्या नाहीत.

या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पण ते जेवण धरून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, शिवाय दूध, दही, तीळ आहेतच. म्हणून मनानेच दुसरी गोळी सुरू करू नका. अमेरिकेत ३६,०००हून जास्त बायकांवर कॅल्शियम आणि डीची मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये निकाल आला: खुब्याची फ्रॅक्चर्स फारशी कमी झाली नाहीत, मूतखडे मात्र वाढले. मूतखडा काय असतो ते बाबांना विचार!

आई, संध्याकाळचं फिरणं चालूच ठेव, पण नुसतं चालून हाड फारसं भरत नाही, त्यावर भार पडावा लागतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या बायकांकडून आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, चांगली जड वजनं उचलून घेतली. आठ महिन्यांत मणक्याची घनता वाढली. तू लगेच बारबेल उचलायला जाऊ नकोस. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवू. तोवर हात न टेकता खुर्चीतून उठ-बस कर, गुडघे कुरकुरले तर थांब. आणि पाठ गोल करून पुढे वाकायची ती आसनं सध्या नकोत, विरळ झालेल्या मणक्यांवर त्यांचा ताण येतो.

बाबा, मोरीपुढचं ते सरकणारं पायपुसणं आजच काढा. भिंतीला धरायची दांडी बसवायला मिस्त्री शनिवारी येईल, पैसे मी दिलेत.

तुमची,
ताई