सह्याद्रीखाली तेल का शोधत नाहीत?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात एका वाचकाने असा सवाल केला आहे की, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल सापडते, तर त्याच महाराष्ट्रातील सह्याद्रीखाली ते का नसावे आणि तिथे खोदायला सरकार का कचरते? काळ्या कातळाच्या जाड झाकणाखाली तेल कोंडून राहिले असणार, असा त्यांचा तर्क आहे. प्रश्न रास्त आहे, तर्क मात्र उलटा आहे. मुंबई हायमध्ये हा कातळ तेलावर नसून तेलाखाली आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो. भूशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हा मुद्दा थोडा सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

खनिज तेल मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या, आणि काही ठिकाणी किनाऱ्यावरील झाडपाल्याच्या, अवशेषांपासून बनते. हे अवशेष प्राणवायू नसलेल्या चिखलात गाडले गेले तरच टिकतात, एरवी कुजून नाहीसे होतात. या चिखलावर गाळाचे थर चढत गेले की तो खोल जातो आणि दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस या हिशेबाने तापत जातो. तापमान ६० ते १२० अंशांच्या आसपास असताना त्यातून तेल सुटते. त्याहून बरेच अधिक तापल्यास वायूच हाती लागतो. सुटलेले तेल पाण्याहून हलके असल्याने वर सरकू लागते. वाटेत सच्छिद्र खडक लागला आणि त्यावर तेलाला वर जाऊ न देणारा थर असला, तर ते अडकते. नाहीतर हळूहळू पृष्ठभागावर येऊन वाया जाते. यात क्रमाला फार महत्त्व आहे. तेल निघून गेल्यानंतर असा सापळा तयार झाला, तर तो कितीही उत्तम असला तरी रिकामाच राहतो. ‘जमीन आहे म्हणजे खाली काहीतरी असेलच’ या समजुतीत हा क्रमच विसरला जातो.

आता आपल्या भागाचा इतिहास पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. झीज होऊन उरलेला त्यांचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. घाटरस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांकडे नीट पाहिले, तर काळ्या थरांच्या मध्ये वीतभर ते हातभर जाडीचे तांबडे पट्टे दिसतात. एक प्रवाह थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून झालेली ती माती आहे. वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून काढली. मधल्या काळात कुठे कुठे तळीही होती. मुंबईत वरळीला अशाच दोन प्रवाहांमधील गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडले आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांची शास्त्रीय नोंद झाली. परंतु ही तळी उथळ आणि अल्पायुषी होती. तेलाचा व्यापारी साठा घडवायला जो शेकडो मीटरचा गाळ लागतो, तो तिथे साचलाच नाही.

लाव्हाच्या या उद्रेकानंतर सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला. आपली पश्चिम कडा ताणली गेली, तिला तडे गेले, भूकवचाचे काही ठोकळे खचले आणि काही उंच राहिले. याची खूण पाहायला समुद्रात जावे लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळपास आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेलच्या पट्ट्यात येताच वाकतात आणि समुद्राच्या दिशेने कलतात. मुंबई बेटावरील थरही पश्चिमेकडे उतरलेले आहेत. तोच लाव्हा पुढे समुद्रतळाखाली जातो आणि बऱ्याच ठिकाणी तिथल्या गाळाने भरलेल्या खोऱ्याचा तळ होतो.

त्या खचलेल्या तळावर समुद्र आला आणि तेलाची गोष्ट सुरू झाली ती इथून. आधी खोलगट भागांत सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल साचला. तेल कंपन्यांचे भूशास्त्रज्ञ त्याला पन्ना स्तरसमूह म्हणतात आणि मुंबई हायच्या तेलाचा उगम प्रामुख्याने त्यातच मानतात. मुंबई हाय हा मात्र उंच राहिलेला ठोकळा होता. मायोसीन काळात (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वी) त्याच्यावर स्वच्छ, उबदार, उथळ समुद्र होता आणि त्यात चुनखडीचे थर बसत गेले. अशा चुनखडकाचा तुकडा हातभिंगाखाली धरला की फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे, त्यांचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये टाचणीच्या टोकाएवढी किंवा त्याहूनही बारीक छिद्रे दिसतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. तेल राहते ते या छिद्रांत, कुठल्याही भूमिगत तळ्यात नव्हे. पुढे या चुनखडकावर शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, जाड थर बसले आणि झाकण तयार झाले. आजूबाजूच्या खोलगट भागांतील चिखल तोवर पुरेसा खोल जाऊन तापला होता. त्यातले तेल बाजूने आणि वर सरकत या उंचवट्यात जमा झाले. सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने १९६०च्या दशकात कृत्रिम भूकंपलहरींच्या साहाय्याने हा उंचवटा टिपला होता, १९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या मंचाने तिथे तेल शोधले आणि १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले.

सह्याद्रीखाली काय आहे, हे केवळ अंदाजावर सोडलेले नाही. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी भूविज्ञान मंत्रालयाने त्या परिसरात खोल विवरे घेतली असून त्यांतील एक सुमारे ३ किलोमीटर खोल आहे. त्यांत बेसाल्टची, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या या काळ्या कातळाची, जाडी कुठे साधारण ९३० मीटर, तर कुठे सव्वा किलोमीटरच्या घरात भरली आणि बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस) हे पुरातन कठीण खडक लागले. मध्ये गाळाच्या खडकांचा थर नाही. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात सुमारे ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळ आणि त्याखाली पुन्हा तोच पुरातन खडक मिळाला. तो खडक अब्जावधी वर्षांपूर्वीचा आहे. जिथे उगमाचा चिखलच नाही, तिथे झाकण कितीही मजबूत असले तरी त्याखाली कोंडायचे काय? दोन-चार विवरांवरून अख्ख्या दख्खनचा निकाल लावता येत नाही हे खरे, पण पत्रलेखकांनी ज्या पट्ट्याचे नाव घेतले आहे, तिथला पुरावा त्यांच्या विरुद्धच जातो.

याचा अर्थ बेसाल्टखाली शोध घेणे हा सर्वत्रच वेडेपणा आहे, असा नाही. विदर्भात लाव्हाखाली गोंडवन काळातील कोळशाचे थर आहेत. सौराष्ट्र आणि कच्छमध्ये लाव्हाखाली मध्यजीव महाकल्पातील, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातील, गाळाचे खडक आहेत, आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यातही तसे संकेत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या पाहण्यांतून मिळाले आहेत. गुजरातेत वडोदऱ्याजवळ पादरा येथे तर तेल बेसाल्टच्या भेगांतूनच निघते, आणि मुंबई हायच्या तळखडकातील भेगांतही ते सापडले आहे. मात्र तिथेही तेल बेसाल्टमध्ये जन्मलेले नाही, शेजारच्या गाळाच्या खडकांतून आलेले पाहुणे आहे. हे न सांगता नुसतेच ‘कातळातून तेल निघाले’ असे छापले की गैरसमजाला खतपाणी मिळते.

सरकार कचरते, या आरोपाविषयी थोडक्यात. बेसाल्ट भूकंपलहरींना विखुरतो, त्यामुळे त्याखालचे चित्र धूसर येते आणि गुरुत्व, चुंबकत्व, विद्युत्‌वाहकता अशा इतर मोजमापांचा आधार घ्यावा लागतो. एवढे करूनही गाळाची चाहूल न लागलेल्या ठिकाणी कोट्यवधी रुपयांचे विवर घेणे हे धाडस नव्हे, जनतेच्या पैशाची नासाडी आहे. त्यापेक्षा हाती असलेल्या साठ्याकडे लक्ष देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चुनखडकातील तेलाचा मोठा हिस्सा छिद्रांना चिकटून मागेच राहतो. मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने २०२५मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक साहाय्यासाठी निवड केली, त्यामागचे मोठे कारण हेच आहे. या कामाविषयी मराठी वृत्तपत्रांत व्यापाराच्या पानावरील चार ओळींपलीकडे फारसे काही वाचायला मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

आपणांस एक सुचवावेसे वाटते. यापुढे कुठे तेल ‘सापडल्याची’ बातमी आली, तर साठ्याच्या आकड्याबरोबर उगमाचा खडक कोणता, तेल कोणत्या थरात आहे आणि त्यातले किती प्रत्यक्ष बाहेर काढता येईल, एवढी माहिती संबंधित कंपनीकडून मागून घेऊन छापावी. ती मिळाली नाही, तर मिळाली नाही असेही छापावे.

आपला,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षक, सातारा