चराला आधार नाही, तर बिलही नाही

मा. संपादक,

आमच्या भागात नव्या ड्रेनेज लाइनसाठी चर खोदला जात आहे. दोन पुरुष खोल, दोन्ही बाजू सरळसोट उभ्या; ना फळी, ना टेकू. उपसलेली माती काठालाच रचलेली, तिच्या शेजारी जेसीबी चालू आणि खाली बिगारी पाइपचे सांधे भरत होते. काठापासून हातभर अंतरावर चराला समांतर भेग पडलेली दिसली, म्हणून मी मुकादमाला म्हटले, ‘आधी माणसं वर घ्या.’ उत्तर आले, ‘काका, तासाभराचंच काम आहे.’

अशा कामांवर देखरेख करण्यातच माझी नोकरी गेली. ती भेग म्हणजे माती सुटू लागल्याची खूण. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या पुढे भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस नाक-तोंड मोकळे असूनही गुदमरतो. श्वास सोडला की माती आणखी आवळते आणि छाती पुन्हा फुगायला जागाच राहत नाही. काळी माती उन्हात तडकते, पावसात फुगते. जिथे पूर्वी पाण्याच्या लाइनसाठी खोदून भराव केला आहे, तिथे तर बाजू जराही धरत नाही.

इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडीत ऑगस्ट २०२३ मध्ये विहिरीचे रिंगकाम चालू असताना चार मजूर गाडले गेले. बातमी चार दिवस चालली, इतकेच.

नवे नियम नकोत. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजू उताराच्या किंवा पायऱ्यांच्या कराव्यात, नाहीतर त्यांना आधार द्यावा. माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर टाकावी. चरात शिडी असावी. हे सगळे सरकारी निविदांच्या सुरक्षा-अटींत वर्षानुवर्षे छापले जाते. पण आधाराचा खर्च अनेकदा खोदाईच्या दरातच धरलेला असतो. मग फळ्या न लावता वाचलेला पैसा ठेकेदाराचा आणि जोखीम मात्र नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या मजुराची. हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून नगरपालिकेने अंदाजपत्रकात आधारकामाची बाब वेगळी दाखवावी, तिचे वेगळे मोजमाप घ्यावे. कनिष्ठ अभियंत्याने माणसे उतरण्यापूर्वी रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर चर पाहून नोंदवहीत सही करावी. ती सही नसेल, तर त्या लांबीच्या खोदाईचे बिल काढू नये. पावसाळ्यापूर्वीच्या उरलेल्या कामांपासूनच हे सुरू करावे.

– एक निवृत्त पर्यवेक्षक