आधी मल्टिमीटर, मग डिकोडर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तुझं मॉडेल रेल्वेचं इंजिन हळू सोडलं की अडखळतं, थबकतं आणि मग एकदम उधळतं, हे वाचून मला हसूच आलं. माझ्या जुन्या इंजिनाचे अगदी हेच नखरे होते, आणि त्यांच्या नादात मी एक कोरा करकरीत डिकोडर (रुळांतून आलेले डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट) जाळून बसलोय. तू नवा डिकोडर मागवायच्या बेतात आहेस ना? दोन दिवस थांब.

आधी माझा पराक्रम ऐक. जुन्या डीसी इंजिनांत बऱ्याचदा मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारा कोळशाचा तुकडा) थेट चासीला टेकलेला असतो आणि चासी एका रुळाशी जोडलेली. साध्या डीसीवर, म्हणजे रुळांतला व्होल्टेज कमीजास्त करून इंजिन चालवताना, ते खपून जातं. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, जिथे रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही येतात) मात्र मोटरचा रुळांशी कसलाच थेट संबंध उरता कामा नये. रुळावरची वीज लाल आणि काळ्या वायरीने डिकोडरमध्ये जायची आणि तिथून नारिंगी व करड्या वायरीने मोटरला मिळायची. मी चारही वायरी झोकात सोल्डर केल्या, पण खालच्या ब्रशची पितळी पट्टी चासीला चिकटलेली तशीच राहिली. पॉवर दिली, ‘टक्’ असा बारीक आवाज आला, आणि मग तो वास! मल्टिमीटर हाताशीच पडलेला होता, याची चुटपुट जास्त लागली. डिकोडर जोडण्याआधी मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून मोटरची दोन्ही टोकं आळीपाळीने सगळ्या चाकांशी आणि चासीशी लावून पाहा. बीप आली, तर कुठेतरी अजून टेकतंय.

त्याच बैठकीत आणखी एक मोजमाप उरकून घे. मोटरला 12 व्होल्ट दे, मीटर सिरीजमध्ये अँपियरवर लाव आणि फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) क्षणभरच बोटांत धरून ठेव. जो आकडा दिसेल तेवढा करंट डिकोडरला पेलता आला पाहिजे. माझ्या मोटरचा आकडा 1.3 आला, आणि मी तिच्यावर एक अँपियरचा डिकोडर चढवायला निघालो होतो. म्हणजे ती पट्टी टेकली नसती, तरी पहिल्या मोठ्या चढावर तो गेलाच असता.

आता तुझं अडखळणं. डिकोडरवर आळ घेण्याआधी चाकं आणि चाकांवरून वीज घेणाऱ्या पत्र्या पूस, मग कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचा, ब्रश घासतात तो फटींचा तांब्याचा भाग) बघ. त्याच्या फटींत ब्रशचा कोळसा भरतो. लाकडी टूथपिकने तो हलकेच काढ आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. यात इतकी मेख का, तर डिकोडर वेग ओळखतो तो मोटरकडूनच. तो तिची वीज क्षणभर तोडतो. तेवढ्यात फिरती मोटर जनरेटर होते आणि तिने निर्माण केलेला व्होल्टेज तो वाचतो. यालाच बॅक-ईएमएफ म्हणतात. कम्युटेटर घाण असेल तर वाचन चुकतं, डिकोडर भलतीकडे भरपाई करायला जातो आणि इंजिन झटके देतं. म्हणजे बिचारा डिकोडर शहाणा असूनही वेडा ठरतो! ब्रशांवर रेडिओचा खरखराट दाबायला लावलेला जुना कॅपॅसिटर असेल, तर तोही या वाचनात लुडबुड करतो. मी माझा काढून टाकला.

पॉवर देताच इंजिन आपोआप सुसाट सुटतं, असंही तू लिहिलंयस. त्याला सोल्डरिंग आयर्न तापवायची गरज नाही. डिकोडरला डीसीवर चालायची परवानगी आहे, आणि सिग्नल नीट कळला नाही की तो रुळावरची वीज डीसी समजून धावतो. सीव्ही (डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग) 29 मधून 4 वजा कर, म्हणजे तिथे 6 असेल तर 2. (इंजिन उलटं चालत असेल तर त्याच सीव्हीत 1 मिळव. मी एकदा एवढ्यासाठी वायरी उपटल्या होत्या, कुणाला सांगू नकोस.)

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचता येत नाही म्हणून डिकोडर मेला असंही समजू नकोस. उत्तर द्यायला त्याच्यापाशी एकच युक्ती असते: साधारण 6 मिलिसेकंद किमान 60 मिलिअँपियर जास्तीचा करंट ओढायचा. त्यासाठी तो बहुधा मोटरलाच हिसका देतो. मोटरची एक वायर सुटली, की तो मुका.

एवढं करूनही तुझा जुना डिकोडर मंद वेगात गुरगुरत असेल, तर मग खुशाल बदल. जुने डिकोडर मोटरला कमी फ्रीक्वेन्सीचे ठोके देत, तीच ती गुरगुर. नवे 16 किलोहर्ट्झच्या वर जातात, मोटर गप्प होते. तुझ्या इंजिनात आठ पिनांचं सॉकेट असेल तर काम पाच मिनिटांचं. जागा उरलीच तर स्टे-अलाइव्ह कॅपॅसिटरही बसव, पॉइंटांवरच्या (गाडी रूळ बदलते तिथल्या) वीज नसलेल्या तुकड्यांत इंजिन अडणार नाही. फक्त सीव्हीची सगळी कामं तो जोडण्याआधी उरक, नाहीतर वाचन पुन्हा फसेल.

माझं इंजिन आता एकेक स्लीपर मोजत सरकतं. काल रात्री मी ते चुपचाप बघत बसलो होतो, एकदाही शिट्टी वाजवली नाही.

मोटर धरल्यावर किती अँपियर आले तेवढं लगेच कळव. तोवर डिकोडर मागवू नकोस. बाकी भेटीत.

तुझा,
जळक्या डिकोडरचा धनी