‘टीडीएस कापत नाही’ म्हणजे करमुक्त नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की केळीच्या पट्ट्या, कापसाचे राहिलेले चुकारे, भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची ग्रॅच्युइटी असा पैसा जागा शोधू लागतो. मग जळगाव असो, शिरपूर असो की शहादा, सगळीकडे एकच विचारणा: करमुक्त खाते कुठले? पिग्मी गोळा करणाऱ्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. पण ‘करमुक्त’ या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, ज्या व्याजावर कायद्यानेच कर नाही. दुसरी, ज्या व्याजावर कर आहे, पण तुमचे एकूण उत्पन्न कमी म्हणून तो शून्य होतो. तिसरी, ज्या व्याजातून देणारा कर कापत नाही एवढेच. फसगत होते ती तिसरीत, म्हणून आधी तिच्याकडेच वळतो.

पतसंस्थेच्या ठेवीवर बहुधा टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून घ्यायचा कर, कापला जात नाही. कारण साधे आहे: सहकारी संस्थेने आपल्या सभासदाला दिलेले व्याज टीडीएसच्या तरतुदीतून वगळलेले आहे, अपवाद 50 कोटींवर उलाढाल असलेल्या संस्थांचा. ठेव घेतानाच नाममात्र सभासद करून घेण्याची घाई असते, त्यात हेही एक गणित असते. पण कर कापला नाही म्हणून ते व्याज उत्पन्नातून गळत नाही. विवरणपत्रात ते दाखवावेच लागते. सहकारी बँकांना मात्र ही सवलत नाही. जून 2015 पासून त्या सभासदांच्याही मुदत ठेवीवर कर कापतात. ‘बँकेत कापतात, आमच्याकडे नाही’ हे वाक्य खरे असते आणि तरीही दिशाभूल करणारे असते.

शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही. डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा पाच लाखांचा विमा फक्त बँकांना आहे, त्यात सहकारी बँका येतात. आपल्या भागात पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांनी निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवल्या ते खान्देशाला नव्याने सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. 1 एप्रिल 2025 ला सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. ही प्रणाली आपोआप लागू असते, जुनी हवी तर निवडावी लागते. याचा अर्थ खान्देशातल्या बहुतेक ठेवीदारांना करमुक्त खाते शोधण्याची गरजच उरलेली नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, त्या पैशावरचे बँकेतले व्याज नाही. हा गैरसमज रावेर-यावलमध्ये घट्ट रुजलेला आहे. पण 20 लाखांच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी येणारे 1 लाख 40 हजार व्याज हेच करपात्र उत्पन्न असेल, तर कर शून्यच.

तरीही बँक त्यातले 14 हजार कापून घेईल. एप्रिल 2025 पासून टीडीएसची मर्यादा 50 हजार झाली आहे, 60 आणि त्यावरील वयाला 1 लाख. ती ठेवीगणिक नाही, एका बँकेतल्या सर्व शाखांतल्या मुदत ठेवींचे व्याज मिळून आहे. कापू नये यासाठी 2025-26 पर्यंत 60 च्या आतल्यांनी 15-जी आणि ज्येष्ठांनी 15-एच फॉर्म द्यायचा होता, एप्रिल 2026 पासून दोन्हींच्या जागी फॉर्म 121 आहे. प्रत्येक बँकेत वेगळा आणि दरवर्षी नव्याने. गेल्या वर्षीचा फॉर्म यंदा चालत नाही. 15-जीला दोन अटी होत्या: एकूण उत्पन्नावर कर शून्य हवा, आणि अशा व्याजाची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे नव्या प्रणालीत 4 लाखांच्या, आत हवी. 15-एचला ही दुसरी अट नव्हती. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्याने निष्क्रिय असेल, तर फॉर्म निरुपयोगी ठरतो आणि 10 ऐवजी 20 टक्के कापले जातात. सहा-सहा महिने व्याज उचलत नाही, म्हणून कर लागणार नाही असेही नाही. पुनर्गुंतवणूक ठेवीत दरवर्षी जमा दाखवलेल्या व्याजावर कर कापला जातो. फॉर्म मेमध्ये आठवला तर तोवर कापलेले विवरणपत्र भरूनच परत मिळते, आणि विवरणपत्र न भरणारे ते सोडून देतात.

निवृत्तांचे उदाहरण घेऊ. निवृत्तिवेतन वर्षाला 4 लाख 80 हजार आणि हाताशी 30 लाख. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ही कमाल मर्यादा, दर 8.2 टक्के. दर तिमाहीला 61 हजार 500, वर्षाला 2 लाख 46 हजार. हे व्याज पूर्ण करपात्र. पण बेरीज होते 7 लाख 26 हजार, म्हणजे कर शून्य. करमुक्त पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) दर 7.1 आहे. इथे करमुक्त खात्यासाठी हट्ट धरणारा वर्षाला एक टक्क्याहून जास्त सोडतो, शिवाय पैसे पंधरा वर्षे अडकवतो. कर न कापण्याचा फॉर्म मात्र पोस्टात न विसरता द्यायचा, नाहीतर 24 हजार 600 कापले जातील.

कायद्यानेच करमुक्त अशी खाती कोणाला लागतात? ज्यांचे उत्पन्न 12 लाखांच्या वर जाते त्यांना: डॉक्टर, अनुभवी प्राध्यापक, जळगावचे सराफ. नव्या प्रणालीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला 7 टक्क्यांच्या ठेवीतून उपकर धरून सुमारे साडेपाच टक्केच हातात राहतात, 30 टक्केवाल्याला 4.8. तिथे 7.1 करमुक्त हे भारी पडते. नव्या प्रणालीत पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, पण व्याज आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्तच राहतात. वजावट गेली म्हणून खाते बंद करायला निघालेले लोक हेच पाहत नाहीत.

पीपीएफचे व्याज दर महिन्याच्या 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असलेल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. त्यामुळे 1 लाख 50 हजारांची पूर्ण रक्कम 5 एप्रिलच्या आत जमा झाली तर वर्षाचे 10 हजार 650 मिळतात. 6 तारखेला झाली तर एका महिन्याचे सुमारे 887 गेले. आणि 31 मार्चला धावतपळत भरली तर त्या वर्षाचे काहीच नाही. चेक देणार असाल तर तो 5 तारखेच्या आत वटला पाहिजे. पालक आणि त्याच्या अज्ञान मुलाचे खाते मिळून मर्यादा दीड लाखच आहे. वरची रक्कम बिनव्याजी पडून राहते आणि परत येते. पत्नीची मर्यादा मात्र वेगळी. पतीने दिलेल्या पैशाचे व्याज एरवी पतीच्या उत्पन्नात मिळवतात, पण व्याजच करमुक्त असल्याने इथे मिळवून काही बिघडत नाही. वर्षाला 500 रुपयेही भरले नाहीत तर खाते खंडित होते. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 आणि 50 दंड भरून ते चालू करता येते.

2025-26 या आर्थिक वर्षात उघडलेले पीपीएफ खाते 1 एप्रिल 2041 ला पिकेल, कारण पंधरा वर्षे उघडल्याच्या तारखेपासून नव्हे, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून धरतात. पहिली रक्कम 1 एप्रिल 2031 नंतर काढता येईल. पिकल्यावर भरणा चालू ठेवायचा तर एका वर्षाच्या आत मुदतवाढीचा फॉर्म द्यावाच लागतो. तो न देता भरलेल्या पैशावर व्याज मिळत नाही, आणि काउंटरवर कोणी आठवण करून देईलच असे नाही.

लेकीसाठी सुकन्या समृद्धी, दर 8.2 आणि व्याज करमुक्त. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेक माहेरी येते, नातीच्या नावाने खाते काढायचे म्हणून आजोबा तिला घेऊन पोस्टात जातात. पैसे आजोबांनी जरूर द्यावेत, पण खाते आई किंवा वडील यांनीच उघडावे (किंवा कायदेशीर पालकाने) आणि मुलगी दहा वर्षांच्या आतली हवी. आजोबांनी पूर्वी उघडलेली खाती ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे पालकांच्या नावे वळवावी लागत आहेत.

रोजच्या खर्चाचा पैसा असेल तर पोस्टाच्या साध्या बचत खात्याकडे कोणी फारसे पाहत नाही, पण दर 4 टक्के आहे आणि एकट्याच्या खात्यावर वर्षाला 3 हजार 500, संयुक्त खात्यावर 7 हजारांपर्यंत व्याज करमुक्त असते. म्हणजे एकट्याचे 87 हजार 500 आणि दोघांचे 1 लाख 75 हजार वर्षभर ठेवले तरी करमुक्त. इथे व्याज 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर मोजतात, तेव्हा पैसे भरायचे ते 10 तारखेच्या आत भरून मोकळे व्हावे. पोस्टमन घरी येऊन उघडून देतो ते पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते असते. ते वेगळे, त्याला ही सूट लागू नाही.

सहकारी बँकेत ठेव ठेवायची असेल तर पाच लाखांच्या विम्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, तेव्हा मुद्दल साडेचार लाखांच्या आसपासच ठेवलेले बरे. एकाच बँकेच्या चोपडा आणि अमळनेर शाखेत वाटून ठेवल्याने विमा दुप्पट होत नाही. बँक वेगळी हवी.

आपल्या पत्रामार्फत एक मागणी. टीडीएस न कापण्याची जाहिरात करणाऱ्या पतसंस्थांना ‘व्याज करपात्र आहे, ठेवीला विमा नाही’ ही दोन वाक्ये ठेव पावतीवरच छापणे सहकार खात्याने सक्तीचे करावे. व्याजदराइतक्याच मोठ्या अक्षरांत.

आपला,
एक करसल्लागार, भुसावळ