तूर निघू दे, मग पाहू

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक पोरगी दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन माहेरी परत आली, आणि तिचे काका म्हणे की सोयऱ्यांची बैठक घेऊ, तूर निघू दे मग पाहू. हेच वाक्य मी 2021 च्या दिवाळीत ऐकलं होतं. माझी तूर तीन वेळा निघाली साहेब, बैठकाही चार झाल्या, चहापाण्याचा खर्च माझ्याच बापानं केला, पण नवऱ्याकडून पोराच्या नावानं एक रुपया आला नाही.

शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये मी तालुक्याच्या कोर्टात खावटीची केस टाकली. खावटी म्हणा की पोटगी म्हणा, एकच. आधी 125 कलम म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात ते 144 झालं, गावात अजून सगळे 125 च म्हणतात. फारकत झाल्याशिवाय खावटी भेटत नाही असं मला छातीठोक सांगणारे लय होते, ते साफ खोटं आहे. नवऱ्याच्या गावच्या कोर्टात जावं लागते हेही खोटं, आपण माहेरी राहत असलो तर माहेरच्याच तालुक्यात केस टाकता येते. आणि मी मजुरीला जाते म्हणून पोराचा हक्क जात नाही, तो बापावर आहेच.

वकिलाला पैसे नव्हते. कोर्टातच विधी सेवा समिती असते, बाईला आणि लेकराला तिथं फुकट वकील भेटतो, कमाई कितीही असो. 15100 वर फोन केला तरी सांगतात. मला हे कोर्टाबाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं, गावातल्या एकाही शहाण्यानं नाही.

नवऱ्यानं लिहून दिलं की माझ्या नावावर शेती नाही, मी बेरोजगार. सातबारा सासऱ्याच्या नावावर हे खरंच आहे, पण दुसऱ्यांच्या वावरात भाड्यानं ट्रॅक्टर कोण चालवते? 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं आहे की दोघांनीही कमाई आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. तिथं वकील मॅडमनं त्याला ट्रॅक्टरवर धरलं. माझ्याकडे पोराची एक जुनी शंभर पानी वही होती, मागच्या पानांवर मी पेन्सिलनं खर्च लिहायची, सायरप 85, चप्पल 120, असं. ती वहीही लावली.

अंतरिम खावटीचा, म्हणजे केस चालू असतानाच्या खावटीचा, अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे. मला सात महिने लागले, कारण नवरा नोटीसच घेईना, मग पेशीवर पेशी, एसटीचं अर्धं तिकीट होतं म्हणून निभावलं. जून 2025 मध्ये पोराला महिन्याला 3000 मंजूर झाले, ते अर्ज टाकल्या तारखेपासून, म्हणजे मागचे सात महिन्यांचे 21000 धरून. पण आधीच्या तीन वर्षांचे? त्याच हिशोबानं 1 लाख 8 हजार होतात, ते बैठकीतच गेले. म्हणून मी त्या पोरीला म्हटलं, बैठक होत राहील, तू अर्ज टाक आधी.

ऑर्डर हातात आली म्हणजे पैसे आले असंही नाही बरं. दोन महिने दिले अन् बंद. मग वसुलीचा वेगळा अर्ज करा लागते, आणि रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत केला नाही तर या रस्त्यानं ती वसूल होत नाही, हे कोणी सांगत नाही. कोर्ट जप्तीचं वॉरंट काढते, तरी नाही भरलं तर एक महिन्यापर्यंत जेल, अन् जेलात बसून आला म्हणून पैसे माफ होत नाहीत. आमच्या इकडचे गडी म्हणतात एक महिना बसून येतो, सुटलो. नाही सुटत भाऊ.

साहेब, हे तालुक्याच्या पानावर छापता आलं तर छापा, गावात तेच पान वाचतात. माझं नाव तेवढं टाकू नका, पोरगा तिसरीत आहे, त्याला पेपर वाचता येतो.

एक आई, जि. यवतमाळ