व्हिनियर आधी रंगवावे, मग चिकटवावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या घरसजावट पुरवणीत व्हिनियर (लाकडाचे कागदासारखे पातळ पान) चिकटवून झाल्यावर त्यावर स्टेनचे, म्हणजे लाकडाला लावायच्या रंगाचे, दोन हात मारावेत, असा सल्ला छापून आला आहे. कपाटाच्या सपाट दाराला तो चालेल. टेबलाच्या कडेला आणि जडावकामात (निरनिराळ्या लाकडांचे तुकडे बसवून केलेल्या नक्षीत) मात्र घात करील. बाजारातल्या बऱ्याच स्टेनमध्ये रंगाची बारीक पूड असते आणि ती लाकडाच्या तोंडावरच बसते. पॉलिश पेपर कडेवर जरा जोरात फिरला की खालचे पांढरे लाकूड उघडे पडते. रंग आरपार हवा असेल तर पान चिकटवण्यापूर्वीच डायमध्ये, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगात, मुरवावे लागते.

आपल्याकडे व्हिनियर बहुधा 4 मिलिमीटर प्लायवर चिकटवलेले मिळते. ते या कामाचे नाही. सुटे, कच्चे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पान मागावे; मेपल, सिकॅमोर, बर्च किंवा पॉप्लरचे, आणि शक्यतो गाभ्याचे नसलेले. गाभ्याच्या लाकडातल्या वाटा राळेने व इतर द्रव्यांनी बुजलेल्या असतात.

रंगाला खरी आडकाठी पेशींत अडकलेल्या हवेची. ती व्हॅक्यूम पंपाने बाहेर खेचून घ्यावी लागते. त्याआधी पान पूर्ण सुकवावे. लिटरभर पाण्याला 15 ते 30 ग्रॅम डाय आणि द्रवरूप साबणाचे दोन-चार थेंब घालावेत. पानांमध्ये नायलॉनची जाळी ठेवावी, कारण दोन पाने एकमेकांना चिकटली की तिथे पांढरे चट्टे राहतात. वरून काचेचे वजन ठेवून सगळे बुडवावे आणि व्हॅक्यूम पंपाने पाऱ्याच्या 25 इंचांपर्यंत निर्वात करून बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. रंग आत शिरतो तो व्हॅक्यूम सोडल्यावर. पंप बंद करून पान लगेच बाहेर काढले तर सगळी मेहनत वाया जाते. ते रात्रभर तसेच बुडालेले राहू द्यावे. द्रावण थंडच हवे, कारण इतक्या निर्वातात पाणी 55 ते 60 अंशांनाच उकळू लागते.

पंप नसेल तर स्टीलच्या किंवा एनॅमलच्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात द्रावण 80 अंशांवर काही तास ठेवावे आणि पान त्यातच निवू द्यावे. तापताना हवा फुगून बाहेर पडते, निवताना तिच्या जागी रंग ओढला जातो. एकदा भागत नाही, दोन-तीनदा करावे. लोखंडी भांडे नको. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंड मिळाले की काळपटपणा येतो.

हाच गुण जाणून वापरला तर वेगळाच रंग हाती येतो. 18व्या शतकात इंग्लंडमधले कारागीर सिकॅमोरला लोहाच्या क्षारांनी रुपेरी राखाडी करीत. त्या व्हिनियरला हेअरवुड म्हणत. आपल्याकडची हिराकस हाच तो क्षार.

रंग आरपार गेला का, हे पानाच्या टोकाला पाहू नये. तंतूंच्या दिशेने रंग सहज धावतो, त्यामुळे टोक नेहमीच रंगलेले दिसते. पानाच्या मधली बारीक पट्टी कापावी आणि भिंगातून तिची जाडी पाहावी. मध्ये फिकट रेघ दिसली तर पान पुन्हा बुडवावे.

सुकवण्याची घाई सर्वांत महागात पडते. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवले की पाण्याबरोबर रंग पृष्ठभागाकडे आणि कडांकडे ओढला जातो, पान वाकते ते वेगळेच. वरवर धुऊन, कोऱ्या कागदांच्या थरांत, प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये वजनाखाली ठेवावे आणि कागद रोज बदलावा. ओलावा 8 ते 10 टक्क्यांवर आल्याशिवाय चिकटवू नये.

चिकटवण्यापूर्वी पांढरे ओले फडके पानावर घासून पाहावे. रंग उतरला तर पाण्याच्या गोंदात तो शेजारच्या फिकट लाकडात पसरेल. आणखी एक तुकडा अर्धा झाकून महिनाभर खिडकीत ठेवावा. स्वस्त अनिलीन डाय उन्हात लवकर विटतात, धातुयुक्त डाय बरेच टिकतात. पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती जरूर छापावी.

आपला,
लाकूडकाम करणारा एक वाचक, पुणे